अक्षरांवर पोट भरतं का?

सांगलीजवळच्या एका गावातल्या वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बारावीला. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार पाचवीपासून तीच लिहिते, गणपती मंडळाचा बोर्डही तिनंच रंगवला. आता म्हणते, मला अक्षरांचंच काहीतरी करायचंय. घरात सगळ्यांचं मत, हा छंद झाला, धंदा नव्हे. वडील मधल्यामधे अडकलेत. त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात: या क्षेत्रात मोठी झालेली, पोरीला उमेद देतील अशी माणसं कोण? आणि खरं सांगा, यावर पोट भरतं का?

दोन्हींचं उत्तर मी एकत्रच देते, कारण मला ती वेगळी करता येत नाहीत. तीस वर्षांहून जास्त काळ अक्षरांवरच माझं घर चाललंय. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, तेलाच्या पिशव्यांवरची नावं, आता फॉन्ट.

उमेद देणारी माणसं सांगा म्हटलं की लोक शेवटची पायरी सांगतात. कुणाला पद्मश्री, कुणाला ऑस्कर. नाहीतर मग कुठल्या कॉलेजनं नाकारलेला मुलगा पुढे केवढा मोठा झाला, ही गोष्ट. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही हे तुम्हीही ऐकलं असेल. खरं आहे ते, पण त्यातून मुलं भलतंच शिकतात, की कॉलेजनं नाकारणं ही गुणवत्तेची खूण. मला या माणसांची पहिली दहा वर्षं बघायला आवडतात. तिथं जवळजवळ प्रत्येकाकडे एक टेबल सापडतं. दुसऱ्याच्या मालकीचं, महिन्याला ठरावीक पगार देणारं, आणि ज्याच्यावर रोज अक्षरं येऊन पडतात असं.

सगळ्यांत जुनं टेबल जावजी दादाजींचं, तेही टेबल नव्हेच. घरची गरिबी, म्हणून पोरवयातच मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप, म्हणजे छपाईचे धातूचे खिळे, घासायला लागले. हे घासणं म्हणजे काय, ते सांगते. पोलादाच्या पट्टीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतायचा. खिळा बाहेर आला की त्याच्या कडेला धातूचं कुसळ राहतं. ते दगडावर घासून काढलं नाही तर शेजारचा खिळा नीट बसत नाही आणि ओळ वाकडी छापली जाते. दिवसभर हेच करायचं. आता विचार करा, हजारो वेळा 'क' हातात घेऊन त्याच्या कडा बघणाऱ्या पोराच्या डोळ्याला काय वळण लागत असेल. १८६४ साली जावजींनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरायला राणोजी रावजी आरू होते. निर्णयसागरचा टाइप पुढे देशभरच्या छापखान्यांनी विकत घेतला. संस्कृतचे जुने ग्रंथ चाळणारे लोक आजही त्या वळणाचं नाव काढतात. जावजींना कुणी कलावंत म्हटलं नाही, त्यांनीही म्हणवून घेतलं नाही.

हे मला इतकं जवळचं वाटतं त्याला घरचं कारण आहे. माझे वडील कराडला एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवणारा तो जुळारी. जत्रेची हँडबिलं, सोसायटीचे अहवाल, बारशाच्या पत्रिका. शाळा सुटली की मी त्यांच्या केसशेजारी, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीशेजारी, स्टुलावर बसायची. स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या पट्टीत, ओळ जुळवतात ती डोक्यावर उभी असते, डावीकडून उजवीकडेच वाचायची पण शिरोरेघ खाली. मला मराठी वाचायला आधी तसंच यायला लागलं, असं आई चेष्टेनं म्हणायची. पण उलटं अक्षर बघताना शब्द दिसत नाही, नुसता आकार दिसतो, आणि 'ळ'चे दोन डोळे सारखे नाहीत हे मला वयाच्या आठव्या वर्षी कळलं ते त्यामुळेच. अजूनही काम अडलं की मी कागद उलटा धरते. नव्वदच्या आसपास छापखान्यात कॉम्प्युटर आला. खिळे किलोच्या भावानं भंगारात गेले.

मग येतात कमल शेडगे. तुमच्या पिढीनं त्यांचं काम हजार वेळा पाहिलंय, नाव कदाचित माहीत नसेल. वर्तमानपत्रात मराठी नाटकांच्या जाहिराती यायच्या, त्यात नाटकाचं नाव एका विशिष्ट अक्षरात असायचं आणि तेच अक्षर महिनोन्‌महिने त्या नाटकाचा चेहरा व्हायचं. त्यातली कितीतरी नावं शेडग्यांच्या हातची. २०२० साली ते गेले. त्यांची नोकरी टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात होती, आणि नाटकांचं काम त्या नोकरीच्या जोडीनं चालायचं. वर्तमानपत्राच्या कलाविभागात 'उद्या सुचेल' असं म्हणायची सोय नसते. पान रात्री जाणार म्हणजे जाणार. मी नवशिकी असताना त्यांच्या जाहिरातींची कात्रणं वहीत चिकटवायची आणि ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायची. गिरवता गिरवता एक गोष्ट ध्यानात आली: नाव सहा अक्षरी असलं तरी गंमत एकाच अक्षरात केलेली असायची. बाकीची पाच गुपचूप उभी. नवीन मुलं नेमकं याच्या उलट करतात, प्रत्येक वेलांटीला शेपूट फुटलेलं.

र. कृ. जोशी यांच्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते. या धंद्यात एका आयुष्यात किती वळणं घेता येतात, याचं त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

जन्म १९३६. जे. जे.मध्ये उपयोजित कला, म्हणजे जाहिरात-छपाईला लागणारी कला, शिकून जाहिरात कंपनीत लागले. आधी डी. जे. केमर, मग दोन दशकांहून जास्त उल्का. म्हणजे दिवसभर साबण, बँका, हॉटेलं. वेलकमग्रुप हॉटेलांचं ते नमस्काराच्या हातांचं चिन्ह आठवतं? ते त्यांचं. याच काळात ते कविता लिहीत होते, कागदावर अक्षरांचे प्रयोग करत होते, आणि सगळ्या भारतीय लिप्यांच्या मुळाशी काय सारखं आहे ते शोधत होते. मग १९८३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जाहिरातीतली घडी बसलेली नोकरी सोडून ते पवईला आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात, म्हणजे आयडीसीत, शिकवायला गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी आमच्याकडे माणसं प्रॉव्हिडंट फंडाचं गणित मांडायला लागतात.

तिथून निवृत्त झाल्यावर तिसरा डाव. मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत (ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली) ते कॉम्प्युटरवाल्यांच्या बरोबर बसले, आणि तिथून विंडोजसाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट तयार झाले. देवनागरीचा 'मंगल' त्यातलाच. विंडोज २०००पासून तो मशीनबरोबरच यायला लागला. तुमच्या तलाठी कार्यालयातल्या पडद्यावर पहिल्यांदा युनिकोड मराठी उमटलं असेल ते बहुधा मंगलमध्येच. पुस्तकाच्या छपाईत मला मंगल आवडत नाही, हेही सांगून टाकते. कोरडा वाटतो. पण तो त्या काळच्या ठिपक्याठिपक्यांच्या, कमी ताकदीच्या पडद्यावर बारीक आकारात वाचता यावा म्हणून केलेला आहे, त्याला पुस्तकाच्या पानावर उभं करून नावं ठेवण्यात अर्थ नाही. साठी ओलांडलेल्या माणसानं ही नवी विद्या शिकून घेतली. २००८ साली ते गेले.

अच्युत पालव हे त्यांच्याच हाताखालचे. जे. जे.तून बाहेर पडल्यावर उल्कामध्ये त्यांनी मोडी लिपीवर अभ्यास केला, तो जोशी सरांच्या मार्गदर्शनाखाली. जाहिरात कंपनीनं मोडीच्या अभ्यासाला पैसे द्यावेत, ही गोष्ट आज कुणाला सांगितली तर खोटी वाटेल. त्यातून पालवांची मोडी आणि देवनागरी यांच्या मिलाफाची 'मुक्तलिपी' आली. पुढे प्रदर्शनं, नवी मुंबईत सुलेखनाची शाळा, २०२५ साली पद्मश्री. तुमच्या मुलीनं फोनवर जी सुलेखनाची प्रात्यक्षिकं पाहिली असतील, त्यातल्या निम्म्या हातांवर कुठे ना कुठे पालवांची सावली आहे. मोठ्या ब्रशनं एका दमात मारलेला तो फटकारा बघून पोरांना वाटतं, आपणही मारू. मोडीच्या जुन्या कागदांवर घालवलेले महिने त्या फटकाऱ्यात दिसत नाहीत.

अक्षरांच्या बाहेरचं एकच नाव घेते, आपल्या भागातलं आणि बाईचं म्हणून. भानू अथय्या. माहेरच्या राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा, १९२९चा. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांबरोबर काम केलेले. भानूताई जे. जे.त चित्रकला शिकल्या, सुवर्णपदक मिळवलं, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. म्हणजे चित्रकार म्हणून वाट सरळ समोर होती. पण पगार येत होता तो बायकांच्या मासिकांत फॅशनची रेखाटनं करण्याचा. त्या रेखाटनांवरून कपडे शिवायला सांगणं आलं, कपड्यांवरून सिनेमातल्या नट्या आल्या, आणि १९५६च्या 'सी.आय.डी.'पासून पुढची पन्नासएक वर्षं त्या वेशभूषा करत राहिल्या. १९८३ साली 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. लोक ऑस्कर सांगतात. मला ते मासिकातलं टेबल दिसतं.

आता माझं. मी यांच्या पंगतीतली नव्हे, पण तुमच्या मुलीची वाट माझ्यासारखी होण्याची शक्यता जास्त, म्हणून सांगते.

उपयोजित कलेला पहिल्या वर्षी माझा नंबर लागला नाही. पुण्याला मावशीकडे राहून अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात एका डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणाऱ्या, दुकानात लागले. एक खोली, दोन मशीन, एक लेझर प्रिंटर आणि त्याच्यावर 'हात लावू नये' असं मालकानं स्केचपेननं लिहिलेलं. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा, आणि 'ऱ्य' काढायला अल्ट दाबून आकडे मारावे लागायचे. बहुतेक ऑपरेटर तो काढायचेच नाहीत, सरळ 'र्य' ठोकायचे. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तरी गिऱ्हाइकाला पत्ता नसायचा. मला जुळाऱ्याच्या पोरीला ते खुपायचं. एकदा एका संस्थानाची पत्रिका आली. मजकुरात 'पुजाऱ्यांच्या', 'सेवेकऱ्यांच्या', 'वारकऱ्यांच्या' असे शब्द पंधरा-वीस ठिकाणी, सगळीकडे चुकीचा 'र्यां'. मी हुशारी केली. 'र्यां' शोधून सगळीकडे एका फटक्यात 'ऱ्यां' केलं. 'कार्यक्रम' वाचला, कारण त्यावर अनुस्वार नव्हता. दीपप्रज्वलन ज्यांच्या हस्ते होणार होतं ते 'आचार्यांच्या हस्ते' मात्र सापडले. पाचशे पत्रिका छापून झाल्यावर कळलं की दीपप्रज्वलन आचाऱ्यांच्या हस्ते आहे.

संस्थानातले एक आजोबा खूप हसले, तेवढंच. मालक हसले नाहीत. कागद-छपाईचे पैसे दोन महिने माझ्या पगारातून कापले. मावशीनं त्या दोन महिन्यांत एकदाही विषय काढला नाही, ही तिची मोठी मेहरबानी. पण त्या दिवसापासून मी शब्द आणि अक्षर वेगळं करायचं सोडलं. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी हाच शब्द देते लिहायला, दोन्ही प्रकारे.

दुसऱ्या वर्षी कॉलेजला प्रवेश मिळाला. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. पाच वर्षांत किती पत्रिका केल्या मोजल्या नाहीत. त्यातून एका प्रकाशकाचं मुखपृष्ठ आलं, मग मुंबईची जाहिरात कंपनी.

त्या दिवसांतली एक तक्रार आहे, ती तुमच्या मुलीच्या कामाची म्हणून लिहिते. नोकरी सोडून मी स्वतंत्र काम करायला लागल्यावर एका कंपनीसाठी मसाल्याच्या पाकिटावरचं नाव लिहून दिलं. एकदाच पैसे मिळाले, साध्या बिलावर. पुढे नऊ वर्षं ते नाव पाकिटावर, टेम्पोवर, टीव्हीवर, शिवाय त्याच वळणात त्यांच्या आणखी चार मालांवर दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतलेलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, मॅडम, पैसे दिलेत ना. तेव्हा मला कायद्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे: हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच हक्क गेले असं मानतात. नोकरीत असताना केलेल्या कामाचं वेगळं, ते सहसा मालकाचं. एवढी चार वाक्यं मला कॉलेजात कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आता मी प्रत्येक कामाआधी अर्ध्या पानाचा कागद करते. गिऱ्हाईक बिचकतं, पण सही करतं.

पोट भरतं का, याचं उत्तर: भरतं, पण एका चुलीवर नाही. माझ्याकडे निम्मी कमाई फॉन्टच्या कामातून येते, पाव हिस्सा शिकवण्यातून, उरलेली नाव-शीर्षकं-मुखपृष्ठं यांतून. मुखपृष्ठांना मान मोठा आणि पैसे थोडे. सुलेखनाच्या फ्रेम विकून घर चालवणारे फार थोडे आहेत, आणि मुलांना मात्र तेवढंच करिअर दिसतं, कारण फोनवर तेच दिसतं.

फॉन्टचं काम कसं असतं ते सांगते, कारण नोकऱ्या तिथं आहेत. इंग्रजीची लहान-मोठी मिळून ५२ अक्षरं. देवनागरीचा नीट फॉन्ट करायला बसलं की जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या धरून आकडा ६०० ते ८००च्या घरात जातो. ऱ्हस्व वेलांटी घ्या. 'कि'ला लागणारी आणि 'णि'ला लागणारी लांबी एक नाही, म्हणून तिचेच आठ-दहा अवतार. 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' तीन मजली, तो खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतो. 'नदीं'वरचा अनुस्वार वेलांटीच्या कमानीत कुठे टेकवायचा यावर मी एकदा आख्खा दिवस घालवलाय. यात फटकारा वगैरे काही नसतं. पण ज्या मुलीला फळ्यावरच्या सुविचारात दोन शब्दांमधलं अंतर टोचतं, तिला हे काम आवडतं.

आणि मराठीची म्हणून वेगळी गरज आहे. आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हिंदीच्या वळणाहून वेगळे. कित्येक फॉन्टांत आधी हिंदीचंच वळण यायचं आणि मराठी पाठ्यपुस्तकातली मुलं वेगळंच लिहायची. २०२२ साली राज्य शासनानं वर्णमालेबद्दल निर्णय काढून आपलं वळण कोणतं ते पुन्हा स्पष्ट केलं. हे भाषेचं ज्ञान असलेला अक्षरकार लागतो, आणि तो मराठी घरातून येण्याची शक्यता जास्त. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट बघा, फुकट मिळतात. 'पॉपिन्स' तर मुलीनं वापरलाही असेल. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. ही सगळी आपल्या आसपास शिकलेली, अजून काम करणारी माणसं आहेत, त्यांची कामं मुलीला कॉम्प्युटरवर उघडून मोठी करून बघता येतील. चरित्र वाचण्यापेक्षा मी ते आधी करायला सांगेन.

दुकानांच्या मराठी पाट्यांचं घ्या. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली मराठी पाट्या लावायला मुदत घालून दिल्यावर पाट्यांचं काम एकदम वाढलं. पण ते बहुतेक फ्लेक्सवाल्यांकडे गेलं आणि त्यांनी कॉम्प्युटरवर होता तो फॉन्ट ताणून लांब केला. रस्त्यावरून जाताना ती ताणलेली 'मेडिकल' आणि 'ज्वेलर्स' बघवत नाहीत. तुमच्या तालुक्याला एखादी मुलगी बसून नीट पाट्या करून देत असेल तर तिला काम कमी पडणार नाही. मी हे गंमतीनं म्हणत नाही. पुण्या-मुंबईला येणं हाच एक मार्ग आहे असं अजिबात नाही.

एआयचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पोरीचा मामा विचारेल. चित्रं काढणारी यंत्रं आज मराठी जोडाक्षरांत गडबडतात. उद्या गडबडणार नाहीत असं धरूनच चाला. शंभर रुपयांत लोगो हे काम जाईल, गेल्यातच जमा आहे. खिळे गेले तेव्हा माझ्या वडिलांचं वय चव्वेचाळीस होतं. ते त्याच छापखान्यात प्रूफं तपासायला बसले आणि पुढची पंधरा वर्षं बसले, कारण अक्षर आणि शब्द दोन्ही कळणारा दुसरा माणूस तिथं नव्हता.

शिक्षणाचं थोडक्यात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाल्या नसतील तर आता त्यांच्या मागे लागू नका, दहावीच्या वाढीव गुणांपलीकडे त्यांचा उपयोग मर्यादित. बारावीनंतर उपयोजित कलेच्या बीएफए या पदवीसाठी राज्याची कला सीईटी असते, तिचा फॉर्म वेळेत भरा. आयआयटीच्या डिझाइन पदवीला 'यूसीड' आहे. ती परीक्षा अवघड, पण तिच्यात चित्र सुंदर येण्यापेक्षा बघण्याची सवय तपासतात, म्हणून गावाकडच्या मुलांनी घाबरायचं कारण नाही. खासगी कॉलेजांच्या फिया ऐकून कर्ज काढायचा विचार असेल तर आधी दोन वेळा थांबा. आमच्या धंद्यात पहिली तीन-चार वर्षं हप्ते फेडण्याइतका पगार सहसा मिळत नाही. निकाल लागून कॉलेज सुरू होईपर्यंत जो वेळ मिळेल, त्यात तिला सांगली-मिरजेत एखाद्या पेंटरकडे नाहीतर छपाईच्या दुकानात बसू द्या. पैसे मिळोत न मिळोत. सुतानं रेघ कशी मारतात, 'वि' आधी काढायचा की वेलांटी आधी, गिऱ्हाईक 'जरा मोठं करा' म्हणतं तेव्हा नेमकं काय मोठं करायचं असतं, हे तिथंच कळतं.

आणि बोरू. बाजारात सुलेखनाची पेनं मिळतात ती बहुतेक इंग्रजीसाठी तासलेली. देवनागरीची निब उलट्या तिरकी लागते, नाहीतर जाड यायला हवी ती रेघ बारीक येते आणि मूल समजतं आपलाच हात वाईट. ओढ्याकाठचा बरू आणा, सावलीत वाळवा, धारदार पातं घ्या आणि टोक तिला स्वतःला तासू द्या. पहिले पाच-सहा फुकट जातील. शाई साधी काळी चालते, कागद मात्र वहीचा नको, त्यावर शाई फुटते. रद्दीतल्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ उत्तम. त्यावर तिनं रोज एक पान 'आचार्यांच्या' आणि 'आचाऱ्यांच्या' लिहून महिनाभरानं मला पाठवलं तर मी बघेन.